पिवळा पडलेला पांढरा वाघ

वारीची, नामाची, संतसंगतीची गोष्ट वाचायला आपण हा अंक उघडता. मी आज एका खेळण्यातल्या विमानाची गोष्ट सांगणार आहे. विमान प्लास्टिकचे, वीतभरही लांब नाही. पण त्या विमानाने माझीच एक जुनी चूक माझ्यासमोर ठेवली. ती चूक पुष्कळ घरांत होत असावी, म्हणून लिहायला बसलो. काही चुकले तर वाचक माउलींनी पदरात घ्यावे.

माझा धंदा पाट्या रंगवण्याचा. लोणंदच्या बाजारात चाळीस वर्षे दुकानांची नावे, ट्रकच्या मागची अक्षरे, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार रंगवले. ज्येष्ठ महिना लागला की दिंड्यांचे फलक येत. रथापुढे अमुक क्रमांक, रथामागे अमुक क्रमांक. लाखो माणसांच्या गर्दीत चुकलेल्या म्हातारीला तो आकडाच आपल्या माणसांपर्यंत नेतो, म्हणून त्यात हात हलून चालत नाही. माझा हात हलत नसे. तसे लोक म्हणत, आणि मलाही ते ऐकायला आवडे.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, नौदलात होता. १९६३ साली सतराव्या वर्षी घरातून गेला. पुढे विमानांच्या सांगाड्याची देखभाल करणारा मेकॅनिक झाला. कधी गोव्यात दाबोळीच्या 'हंसा' तळावर, कधी 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर. त्याचे विमान म्हणजे 'सी हॉक'. 'त्याचे' म्हणतो, पण तो ते उडवत नसे, धूत असे. समुद्राचे खारे वारे धातूला खातात. म्हणून विमान परतले की गोड्या पाण्याने धुवायचे, पुसायचे, कुठे रंग उडाला आहे ते बघायचे. सुट्टीवर आला की सांगायचा, "अण्णा, तुझ्या पाटीवर ऊन-पाऊस पडतो. आमच्या आकड्यांवर मीठ पडतं."

सी हॉक हे इंग्लंडच्या हॉकर कंपनीचे, एका माणसाने चालवायचे जेट विमान. त्याच्या इंजिनाचा झोत शेपटीतून निघत नाही. पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी निघतो. जहाजाच्या पोटात मावावे म्हणून पंख दुमडता येतात. आपल्या नौदलाचे ३०० क्रमांकाचे हवाई पथक १९६० साली या विमानांसह उभे राहिले. त्या पथकाचे चिन्ह पांढरा वाघ. ४ डिसेंबर १९७१ रोजी याच विमानांनी विक्रांतवरून उडून कॉक्स बझार आणि चितगाव इथे हल्ले केले. तेव्हा विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला होता आणि जहाजाला पूर्ण वेगाने जाता येत नव्हते. तशा जहाजावरून ती विमाने उडाली. दादा त्या वेळी पंचवीस वर्षांचा होता. त्या दिवसांबद्दल तो फारसे बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, "गेलेली विमानं मोजायची आणि परतलेली मोजायची. बाकी काही सुचत नसे."

१९८३ च्या सुमाराला सी हॉक सेवेतून गेले आणि त्यांच्या जागी सी हॅरियर आले. त्या नव्या विमानाच्या शिक्षणासाठी काही लोक इंग्लंडला गेले होते. दादाचा एक सोबती परत येताना त्याच्यासाठी एक खोका घेऊन आला. सी हॉकचा किट. खऱ्या विमानाच्या ७२ पट लहान, सुटे भाग जोडून करायचे विमान. सोबत आपल्या नौदलाच्या खुणांचा एक छापील ताव. वर्षभरात दादा निवृत्त होऊन गावी आला. तो खोका त्याच्या लोखंडी पेटीत गेला तो तिथेच राहिला. मला त्याची खबरही नव्हती.

आता लपवायची गोष्ट सांगतो. १९९८ साली विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आम्ही भाऊ भांडलो. एका रात्रीची पाळी, कोणाची मोटर किती वाजेपर्यंत चालली, एवढेच कारण. पुढे त्यात बांध आला, आईची औषधे आली, कोण कधी काय म्हणाले ते सगळे आले. अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आणि या अकरा वर्षांत आम्ही दोघेही वारीला जात होतो. एकाच दिंडीत. दादा टाळकऱ्यांच्या पहिल्या ओळीत, मी मागे पाण्याच्या टँकरजवळ. दिंडीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, तसे आम्हीही पडत होतो. मी त्याच्या पायाला हात लावायचा, तो माझ्या. तोंडाने 'माउली' म्हणायचे आणि डोळे दुसरीकडे. दिंडीतल्या जुन्या माणसांना हे दिसत होते. ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

२००५ साली मी एकदा समेटाचा प्रयत्न केला. चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण झाले. माउलींचा अश्व धावून गेला, सगळीकडे टापांखालची माती कपाळाला लावायची घाई चाललेली. माझे मन भरून आले होते. मी गर्दीतून वाट काढून दादासमोर गेलो आणि म्हणालो, "झालं गेलं सोडून दे. पण त्या रात्री मोटर तूच चालू ठेवली होतीस एवढं कबूल कर." दादा माझ्याकडे बघत राहिला. मग टाळ उचलून पुढे गेला. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितले, "मी हात पुढे केला होता."

२००९ साली धाकट्या बहिणीच्या आजारपणात आम्ही बोलू लागलो. पण ते बोलणे औषधाचे, गाडीच्या वेळेचे, पावसाचे. आतले काही निघाले नाही. २०२२ च्या कार्तिकात दादा गेला.

वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनींनी मला बोलावले. दादाचा नातू, नववीतला, तिथेच बसला होता. पुढ्यात तो खोका. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे तुम्हाला द्यायचं होतं. ते म्हणायचे, पोरांच्या हातात दिलं तर मोडतील, अण्णाचा हात हलका आहे, त्याच्याकडून करून घेऊ."

मी विचारले, "कधी म्हणायचा?"

"आधीही म्हणायचे. तुमचं बोलणं बंद होतं तेव्हाही म्हणायचे. विक्रांत मोडायला काढली, ते टीव्हीवर दाखवलं त्या दिवशी पेटी उघडून खोका मांडीवर घेऊन बसले होते. मग परत ठेवला."

विक्रांत १९९७ साली सेवेतून निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ साली दारूखान्यात मोडली गेली. त्या वर्षी आम्ही बोलत होतो. तो खोका घेऊन माझ्याकडे येता आले असते. पण आला नाही, आणि मी काही विचारले नाही.

खोक्यातले प्लास्टिक जसेच्या तसे होते. चाळीस वर्षांत त्याला काही झाले नव्हते. बिघडला होता तो खुणांचा ताव. मुलगा त्याला 'डेकल' म्हणत होता. आमच्या पिढीला ही वस्तू 'ट्रान्सफर' म्हणून ठाऊक आहे. शिवणयंत्रावरची सोनेरी वेलबुट्टी, सायकलच्या दांडीवरचे नाव, ही सगळी त्याच जातीची. त्याची रचना अशी असते: खाली पाणी शोषणारा कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर लाखेसारख्या पारदर्शक द्रव्याचा अगदी पातळ पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यावर चित्र छापलेले. ताव पाण्यात बुडवला की कागद भिजतो, डिंक सुटतो, आणि चित्र कागदावरून मोकळे होऊन सरकते. मग ते हलकेच हव्या त्या जागी सरकवायचे.

पाण्यात कागद म्हटला की आपल्याला इंद्रायणी आठवणारच. तुकोबांच्या वह्या बुडवल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, ही आपल्या परंपरेची श्रद्धा. माझ्या खेळण्याची त्या वह्यांशी बरोबरी मी करणार नाही. पण ताव हातात धरला तेव्हा मनात भीती होती ती हीच, की पाणी यातले काय ठेवील आणि काय नेईल.

तावाची अवस्था वाईट होती. पारदर्शक पापुद्रा चहा सांडल्यासारखा पिवळा झाला होता. सगळ्यांत वाईट दशा पांढऱ्या वाघाची. पांढऱ्यावर पिवळे चढून तो आपल्या सर्कशीतल्या वाघासारखा दिसत होता. मुलगा हसला, वहिनीही हसल्या. प्रकाशात तिरका धरला तेव्हा मात्र पापुद्र्यावर केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. कारण साधे आहे. त्या पापुद्र्याला लवचीक ठेवणारे जे अंग असते ते वर्षानुवर्षे उडून जाते. पापुद्रा आक्रसतो, कडक होतो. दिसायला चित्र अखंड असते, पण त्याला धरून आहे तो फक्त खालचा कागद. कागद सुटला की त्याला आपल्या बळावर एकत्र राहता येत नाही.

मुलगा म्हणाला, "आजोबा, आधी याचा फोटो काढून ठेवू, स्कॅन करू. आणि एक नको असलेला तुकडा बुडवून बघू."

मी म्हणालो, "चाळीस वर्षं हेच करतोय मी."

पंखांवर आणि अंगावर लावायची आपली गोल खूण, बाहेर केशरी, मध्ये पांढरी, आत हिरवी, अशी सहा चिन्हे होती. शर्टाच्या बटणाएवढी. त्यातले एक मी कापले आणि वाटीतल्या पाण्यात टाकले. अर्ध्या मिनिटात ते कागदावरून सुटले. मला बरे वाटले. मग कुंचल्याच्या टोकाने हलवायला गेलो आणि ते फुटले. पाण्यात टाकलेल्या पापडाच्या चुऱ्यासारखे. केशरी तुकडे वेगळे, हिरवे वेगळे, वाटीभर तरंगू लागले. मी एकेक तुकडा कुंचल्यावर घ्यायला गेलो, तसतसे त्याचे आणखी तुकडे झाले.

मुलगा काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते. वहिनी आत गेल्या आणि चहा ठेवला.

मी वाटी तशीच ठेवून घरी आलो. त्या रात्री झोप नाही. दादाने म्हणे पंचवीस वर्षे वाट पाहिली, माझा हात हलका म्हणून. आणि माझा हात किती हलका ते मी दाखवले.

दुसऱ्या दिवशी मुलालाच गुरू केले. त्याने वाचून, बघून ठेवले होते आणि मला माझ्या धंद्यातले थोडे ठाऊक होते. दोघांनी मिळून जे केले ते क्रमाने सांगतो. कोणाकडे असा जुना ताव, किंवा देवघरातले जुने ट्रान्सफरचे चित्र असेल तर उपयोगी पडेल.

पहिले काम, ताव होता तसा स्कॅन करून ठेवणे. मूळ गेले तरी मापे आणि रंग हाती राहतात. घरच्या छापयंत्रावर नवे डेकल छापता येतात, पण त्या यंत्राला पांढरा रंग छापता येत नाही, ही मेख आहे. पांढऱ्या कागदावर ते कळत नाही, कारण पांढरे कागदाचे असते. वाघ पारदर्शक तावावर छापला असता तर उमटलाच नसता. त्यासाठी पांढऱ्या थराचा वेगळा डेकल कागद घ्यावा लागतो आणि आकार कडेने अचूक कापावा लागतो.

दुसरे काम, पिवळेपणा घालवणे. ताव पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवला. चित्राची बाजू उन्हाकडे. सूर्याच्या प्रकाशाने तो पिवळा डाग हळूहळू विरतो. मात्र तेच ऊन रंगही उडवू शकते, म्हणून रोज बघावे लागते. मार्गशीर्षाचे ऊन कोवळे होते. मी रोज सकाळी वहिनींच्या घरी जायचो, खिडकीपाशी उभा राहून वाघ बघायचो, चहा घ्यायचो, परत यायचो. आठ दिवस काही फरक दिसला नाही. दुसऱ्या आठवड्यात पोटाखालचा पिवळा रंग फिका झाला. तिसऱ्या आठवड्यात वाघ पांढरा झाला. अगदी नव्यासारखा नव्हे, जुन्या धोतरासारखा पांढरा.

तिसरे काम, फुटक्या पापुद्र्याला धरून ठेवणे. यासाठी मायक्रोस्केल नावाच्या कंपनीचे एक पातळ द्रव्य मिळते, डेकलवर नवा पापुद्रा चढवणारे. नसेल तर चकचकीत पारदर्शक वॉर्निशचा हलका हातही चालतो. पण ते आधी नको असलेल्या तुकड्यावर लावून बघायचे. रंग विरघळला तर तिथेच कळते. आम्ही एका कोपऱ्यातली बारीक सूचना कापली, तिला हात दिला, रात्रभर वाळवली आणि सकाळी बुडवली. अखंड सुटली. मुलाने टाळी वाजवली. मग मऊ कुंचल्याने, एकदाच, एकाच दिशेने, सगळ्या तावावर हात दिला. यातही एक अट येते. आता सगळ्या तावावर एकच सलग पापुद्रा झालेला असतो, म्हणून प्रत्येक चित्र कडेला लागून वेगळे कापावे लागते. नाही तर एकाला ओढले की दुसरे येते.

चौथे काम विमानाचे. डेकल खरखरीत रंगावर लावले तर खाली हवा अडकते आणि चंदेरी झाक दिसते. म्हणून खालचा रंग आधी चकचकीत, गुळगुळीत करून घ्यायचा. विमानाला वरून गडद समुद्री करडा आणि पोटाला फिका हिरवट रंग दिला, त्यावर पारदर्शक चकाकी.

या सगळ्यात दोन महिने गेले. मध्येच एकदा माझा धीर सुटला. वाघाच्या मागच्या पायापाशी चीर रुंद दिसत होती. मी मुलाला म्हणालो, "कशाला एवढा खटाटोप? मी हातानं काढतो की वाघ. याच्यापेक्षा देखणा काढीन."

तो म्हणाला, "देखणा होईल आजोबा. पण तो तुमचा वाघ होईल."

पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाने हे बोलावे याची मला लाज वाटली. कारण हे मी कितीदा तरी कीर्तनात ऐकले आहे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात उतरवल्या जात होत्या, त्यात अपपाठ शिरले होते. नाथमहाराजांनी अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. एकनाथांसारखा कवी. त्यांना ओवी सुचत नव्हती का? जिथे शब्द अडखळला तिथे आपली एखादी सुंदर ओवी बसवणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी तसे केले नाही, आणि पुढच्यांनाही आपली भर घालू नका असे बजावून ठेवले. मूळ होते ते वर आणले आणि आपण बाजूला झाले. मी ऐकताना मान डोलावत असे. पण हातात कुंचला असताना बाजूला होणे किती अवघड असते ते मला त्या दिवशी कळले.

वाघ आम्ही मूळचाच लावला. कोमट पाणी घेतले. वीस मोजेपर्यंत बुडवून बाहेर काढला आणि ओल्या फडक्यावर दोन मिनिटे तसाच ठेवला. ओढायचा नाही, आपणहून सरकू लागेपर्यंत थांबायचे. विमानाच्या नाकापाशी पाण्याचा थेंब ठेवला आणि कागद तिथे टेकवून वाघ कुंचल्याने सरकवला. मागच्या पायापाशी तो तुटलाच. पण दोन्ही भाग नव्या पापुद्र्याने लगटून राहिले होते. तांदळाच्या टोकाएवढी फट राहिली. ती मी भरली नाही.

उरलेली पाच गोल चिन्हेही बसली. सहाव्याचे काय? डाव्या पंखाच्या पोटाची जागा मोकळी होती. मुलगा मला म्हणाला, "हे मात्र तुम्ही काढा. ही तर देशाची खूण आहे, कुणी काढली तरी तीच." मी कंपासने वर्तुळे आखून, तीन केसांच्या कुंचल्याने ती काढली. नवा भडक केशरी वापरला नाही. इतर पाचांचा उतरलेला केशरी होता तसा मिसळून घेतला. तरीही ज्याला बघायचे आहे त्याला ती वेगळी दिसते. सुकल्यावर सगळ्यावर पारदर्शक रंगाचा शेवटचा हात दिला, म्हणजे आता हवेचा आणि घामाच्या बोटांचा त्रास नाही.

ज्या दिवशी विमान पुरे झाले त्या दिवशी ते वहिनींच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावून बघितले, उलटे केले, आणि डाव्या पंखाखाली बोट ठेवून म्हणाल्या, "हे तुम्ही काढलेलं."

"हो. पहिलं माझ्या हातून फुटलं."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "वाटी मीच धुतली."

मग थोड्या वेळाने मी ते बोललो जे दादाशी बोलायचे होते. चांदोबाच्या लिंबाला मी हात पुढे केला नव्हता. मी हिशेब पुढे केला होता. आत सात वर्षांच्या चिरा पडल्या होत्या हे मला दिसत होते, तरी मी ते सगळे एकदम पाण्यात टाकले, कारण माझे मन त्या दिवशी भरून आले होते. भरून आले होते माझे मन. त्याच्या मनाची मी चौकशी केली नव्हती. आणि तिथे फुटले ते पुन्हा गोळा करायला मी गेलोच नाही. वाटी तशीच ठेवून घरी आलो आणि लोकांना सांगितले की मी प्रयत्न केला.

वहिनींनी ऐकून घेतले. त्यांनी 'जाऊ द्या' म्हटले नाही. त्या म्हणाल्या, "त्या रात्री मोटर यांनीच चालू ठेवली होती. झोप लागली त्यांना. सांगायची लाज वाटत होती." आणि उठून देवापाशी दिवा लावायला गेल्या.

अकरा वर्षे दर आषाढी-कार्तिकीला वहिनींच्या घरून आमच्याकडे प्रसादाचा डबा येत होता. मुलांच्या हाती, काही न बोलता. माझी बायको तोच डबा भरून परत पाठवत होती. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटत नसे. दोन घरांमध्ये काही तुटले नाही ते या दोघींनी रोज थोडा थोडा हात देत ठेवला म्हणून, हे मला सत्तरी ओलांडल्यावर एका प्लास्टिकच्या विमानापाशी बसून कळले.

गेल्या हिवाळ्यात मी आणि नातू गोव्याला जाऊन आलो. बोगमाळोजवळ नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे उघड्यावर खरा सी हॉक उभा आहे. मुलगा त्याच्याभोवती फिरून पंखांच्या मुळाशी झोत कुठून निघतो ते बघत होता. मी जवळ जाऊन रंग बघितला. धंद्याची सवय. उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला पुनःपुन्हा रंग द्यावा लागतो. कोणी तरी तो देत असते. दादासारखाच कोणी तरी, ज्याचे नाव तिथे लिहिलेले नाही.

तावावर दोन-तीन आकडे आणि बारीक सूचना उरल्या आहेत. ओल आणि ऊन लागू नये म्हणून तो कोरड्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या मध्ये, सपाट ठेवला आहे. फुटलेल्या खुणेचे तुकडे वहिनींनी वाटी धुताना फेकले नव्हते. वाळवून काड्यापेटीत ठेवले होते. ते त्यांनी मला दिले. त्यांचे आता काहीच होण्यासारखे नाही. तरी माझ्या रंगाच्या पेटीत ती काड्यापेटी आहे. कोणी घाईने कुंचला मागितला की ती आधी हाताला लागते.

यंदाच्या ज्येष्ठात दिंडीच्या फलकाचा आकडा नातवाने रंगवला. हात थोडा हलला. मी दुरुस्त केला नाही.

रामकृष्ण हरी.